एका बादलीमागे तीन

आमच्या धायरीत पाणी टँकरनं येतं,
आणि टँकर पप्पा चालवतात.
टीडीएस आठशे चाळीस.
मी मोजला, कुणी सांगितलं नव्हतं.
पातेल्याच्या बुडाशी पांढरा थर धरतो,
आई तो चिंचेनं घासते.

माझ्या समुद्राला शून्य लागतं.
आधी शून्य पाणी, मग त्यात मीठ,
लिटरमागे पस्तीस ग्रॅम,
रात्रभर बादलीत मोटर फिरते.
आरओ एक बादली देतो, तीन सोडतो.
त्या तीन मी मोरीत जाऊ देत नाही:
फरशी, भांडी, संडास.
एकदा तुळशीला घातलं. पानं कडेनं करपली.
आई काही बोलली नाही,
नवी तुळस आणली
आणि माझा हात पुरणार नाही अशी ठेवली.

टाकी दोन फुटी, जुनी,
वानवडीच्या एका सुभेदारांची बदली झाली म्हणून स्वस्तात.
एका काचेवर ओरखडा आहे,
ती बाजू भिंतीकडे.
सहा आठवडे आत नुसते दगड.
जो येई तो विचारी, मासे कुठायत?
मी म्हणे, आत्ता राहायला आलेत ते दिसत नाहीत.
अमोनिया चढला, उतरला.
नायट्राइट चढलं, बसून राहिलं, कंटाळून उतरलं.
सगळं तारखेसह केमिस्ट्रीच्या वहीत, मागून,
पुढच्या पानांपेक्षा सुवाच्य.

पहिलं प्रवाळ कॅम्पातल्या मर्झबान अंकलनी दिलं.
श्रीखंडाच्या डब्यात, दगडाच्या कपचीवर
तीन तोंडं, प्रत्येक नखाएवढं.
पैसे नको म्हणाले,
वाढलं की तू पण कोणाला तरी तोडून दे.
बसमध्ये डबा छातीशी धरून बसले.
कंडक्टर म्हणाला, श्रीखंड पातळ झालंय ताई.

विद्याआत्यानं काचेला अंगठी टेकवली.
हे पोवळं, ते पण पोवळं?
तिचं सहा रत्तीचं, मंगळासाठी,
शांत, गुळगुळीत, लग्नानंतर काढलेलं नाही.
माझं तेव्हा जेवत होतं.
हो म्हणाले. अजून काय म्हणणार.

गुरुवारी वीज जाते, ते माहीत असतं.
पाचला येते, तेही.
त्या गुरुवारी पाच वाजले, सहा वाजले,
बॅटरीचा पंप शेवटचे बुडबुडे काढून गप्प झाला
आणि पाणी असं थांबलं
की मला त्यात माझं तोंड दिसलं.
मग मग घेतला.
भरायचा, उचलायचा, वरून सोडायचा.
पाणी फुटलं पाहिजे, हवा आत गेली पाहिजे.
भरायचा, उचलायचा.
सातला खांदा माझा राहिला नव्हता.

पप्पा आले. डिझेलचा वास.
मोरीत जाऊन कोपरापर्यंत हात धुतले,
साबण न लावता.
कधीतरी एकदाच सांगितलं होतं मी,
साबण चालत नाही म्हणून.
मग माझ्या हातातून मग घेतला.
दिवसाला दहा हजार लिटरच्या पाच खेपा टाकणारा माणूस
अंधारात
एक मग पाणी
त्याच टाकीतून काढून त्याच टाकीत ओतत होता.
किती वेळ?
लाईट येईपर्यंत.
बरं.

बऱ्याच वेळानं बोट चाटून म्हणाले,
हरिहरेश्वरला असंच होतं.
मी होते?
नाही. तू नव्हतीस अजून.
पुढे काही सांगितलं नाही.
मी मोबाईलचा उजेड धरून उभी.

नऊ वाजून दहा मिनिटांनी
फ्रिज थरथरला, शेजारचा टीव्ही अर्ध्या वाक्यात सुरू झाला,
पंप खोकला आणि चालू लागला.
पप्पांनी अजून चार मग ओतले.

सकाळी झिंगा उलटा पडलेला होता, पारदर्शक.
कुंडीत पुरला, नव्या तुळशीच्या नाही.
प्रवाळाची दोन तोंडं दुपारपर्यंत उघडली.
तिसरं मिटलेलं आहे,
आज अकरावा दिवस.
वहीत लिहिते.
पप्पा विचारत नाहीत,
फक्त टाकीवरून जाताना
गतिरोधक असावा तसे
हळू होतात.